टोकाची रेघ झालेल्या झाडास

सांगली, माघ महिना

प्रिय क्रेस्टेड मॅमिलारिया,

आज सकाळी गच्चीवर तुझी कुंडी उन्हाकडे फिरवली आणि डावीकडच्या घडीतून वर आलेले तीन कोंब दिसले. गोल, करंगळीच्या पेराएवढे, टोकावर पिवळ्या काट्यांची नीट फिरकी असलेले. तुझ्यासारखे अजिबात नाहीत, तुझ्या जातीतल्या बाकी सगळ्या झाडांसारखे आहेत. ब्लेड स्पिरिटने पुसून तयार होतं. असे कोंब दिसले की लगेच काढावेत, हे मी स्वतःच आजवर चार जणांना सांगत आले आहे. पण आज हात चालेना. म्हणून ब्लेड बाजूला ठेवलं आणि लिहायला बसले. पत्र उघड लिहिते आहे, कारण तुझ्यासारख्यांच्या मागे हल्ली खूप लोक लागलेत आणि तू नेमकं काय आहेस हे त्यातल्या बऱ्याच जणांना कुणी सांगितलेलंच नाही.

तू सापडलंस तेव्हा तुला कुणी शोधत नव्हतं. मिरज रस्त्यावरच्या एका छोट्या रोपवाटिकेत मी कढीपत्त्याचं रोप आणायला गेले होते. मागे शेडनेटखाली एका पसरट ट्रेमध्ये मॅमिलारिया इलाँगाटा या निवडुंगाची पन्नाससाठ बोटं दाटीवाटीने उभी होती. सगळी सारखी. मला ही जात आवडते, म्हणून उगाच वाकून बघत बसले. बघता बघता एका बोटाचं टोक गोल दिसेना. ते लांबट होतं, गव्हाच्या दाण्यासारखं, आणि मधोमध दाण्याला असते तशी एक चीर. रोपवाटिकेतले काका म्हणाले, "ताई, ते दबलंय, बिघडलंय. दुसरं देतो, सरळ वाढणारं." मी म्हटलं, हेच द्या. तीस रुपयांचं रोप, दबलेलं म्हणून त्यांनी वीसच घेतले. त्याला आता सात वर्षं झाली.

तेव्हा तू काय होणार हे मलाही ठाऊक नव्हतं. काही मॅमिलारियांचं टोक आधी लांबट होतं, मग मधून चिमटल्यासारखं होतं आणि एकाची दोन डोकी होतात. ती त्यांची नेहमीची वाढ, त्यात वेगळं काही नाही. तुझं टोक त्या वाटेने जाणार की दुसऱ्या, हे कळायला एक पूर्ण वर्ष लागलं. पावसाळ्यात रोज वाटायचं, आता चिमटा बसेल. तो बसला नाही. गव्हाच्या दाण्याची खारीक झाली, खारकेची पट्टी झाली. दुसऱ्या उन्हाळ्यात पट्टीने पहिलं वळण घेतलं तेव्हा माझी खात्री पटली.

मग मी तुझ्या शेजारी ट्रेमधलंच एक साधं बोट आणून ठेवलं. तुला समजून घ्यायला मला त्या साध्या बोटाचाच सगळ्यात जास्त उपयोग झाला. मॅमिलारियाच्या अंगावर कडा नसतात, छोटे छोटे उंचवटे असतात. मॅमिलारिया हे नावच त्या स्तनाग्रासारख्या उंचवट्यांवरून पडलंय. प्रत्येक उंचवट्याच्या माथ्यावर काट्यांचं चक्र. हे उंचवटे एकाखाली एक येत नाहीत, फिरकीने येतात. एक फिरकी डावीकडे जाते, एक उजवीकडे. मोजल्या तर सहसा 5 आणि 8, किंवा 8 आणि 13 अशा जोडीने भरतात. ही सगळी शिस्त एका जागेतून येते. बोटाच्या अगदी शेंड्यावर, लोकरीखाली दडलेला एक सूक्ष्म घुमट असतो. शाळेच्या पुस्तकात आपण त्याला विभाजी ऊती म्हणतो. झाडाला जे काही नवं यायचं, ते तिथूनच. उंचवटा, काटा, लोकर, सगळं त्या एका टिंबाभोवती क्रमाने मांडलं जातं आणि खाली सरकतं.

तुझ्यात ते टिंब टिंब राहिलं नाही. त्याची रेघ झाली. अशा रेघेच्या झाडालाच क्रेस्टेड, किंवा नुसतं क्रेस्ट, म्हणतात. तुला समजून घ्यायचं तर एवढंच मुळाशी आहे. बाकी सगळं त्यातून निघतं. टिंबाभोवती फिरकी मांडता येते, रेघेभोवती येत नाही, म्हणून तुझे उंचवटे कडेने ओळीत दाटतात. रेघ दोन्ही अंगांनी लांबत जाते, पण बुडाचं खोड तेवढं रुंद होत नाही. लहानपणी आई आमच्या फ्रॉकला झालर लावायची, तेव्हा घेराच्या दुप्पट कापड घ्यायची. कापड जास्त आणि शिवण कमी, की चुण्या आपोआप पडतात. तुझ्या घड्या तशाच पडल्या. लोक तुला मेंदू म्हणतात. मला तू झालरच वाटतंस.

असं का झालं, याचं एकच उत्तर नाही. शेंड्याला कीड लागली, मार बसला, कडाक्याची थंडी पडली, तर पुढची वाढ पट्टीसारखी होऊ शकते. काही झाडांत एक जिवाणू हे घडवतो. काहींत पेशीतली एखादी सूचना बदलते. त्या सूचनांबद्दल मोहरीच्या कुळातल्या एका इवल्याशा तणावर, अरॅबिडोप्सिसवर, खूप काम झालंय. शेंड्यातल्या मूळ पेशी वाढव, असं सांगणारं एक जनुक आणि पुरे, आवर, असं सांगणारं दुसरं. दोघांची ओढाताण बरोबरीची असते तोवर घुमट आपल्या मापात राहतो. आवरणारं जनुक ढिलं पडलं की घुमट पसरतो. हे वाचलं त्या दिवशी मी स्वयंपाकघरात टोमॅटो चिरत होते. टोमॅटोच्या रानटी नातेवाइकाच्या फळात दोनच कप्पे असतात. आपल्या मोठ्या, पाकळ्यापाकळ्यांच्या टोमॅटोत ते पुष्कळ असतात, आणि त्याचं एक कारण हेच, आवरणाऱ्या सूचनेचा सैल पडलेला हात. कितीतरी पिढ्या शेतकरी तेच बी निवडून ठेवत आले. तुझ्या झालरीचं आणि माझ्या कोशिंबिरीतल्या फोडीचं असं लांबचं नातं आहे.

जवळचंही एक आहे. दसऱ्याच्या सुमाराला बाजारात कोंबडा येतो, तो मखमली लाल तुरा. शेतात तण म्हणून उगवणाऱ्या, कोवळा असताना भाजीसाठी खुडल्या जाणाऱ्या कुर्डूचाच तो भाऊ. कुर्डूचं कणीस सरळ, निमुळतं. कोंबड्याचं पसरून दुमडलेलं. त्याच्याही फुलोऱ्याच्या टिंबाची रेघ झालेली असते. फरक एवढाच की कोंबड्याचा तुरा बियातून पुढच्या पिढीत उतरतो. तुझं तसं नाही. तुझ्यासारख्या क्रेस्टला फूल येऊन बी धरलंच, तरी त्यातून बहुतेक साधी बोटंच उगवतात. म्हणून तुला वाढवायचं तर तुझाच तुकडा तोडून लावावा लागतो, किंवा कलम करावं लागतं.

तुझ्या मांडणीवर खालच्या फळीवर जे पिवळ्या पट्ट्यांचं ॲस्ट्रोफायटम आहे, त्याची गोष्ट वेगळी. लोक तुम्हा दोघांना एकाच टोपलीत टाकतात, दुर्मीळ म्हणून. तुझा आकार बदलला; त्याचा आकार शाबूत आहे, रंग बदललाय. त्याच्या शेंड्यात दोन घराण्यांच्या पेशी शेजारी शेजारी नांदतात, एका घराण्यात हरितद्रव्य आहे, दुसऱ्यात नाही. हिरवं झाकण उठलं की खालचे पिवळे-लाल रंग दिसतात. निवडुंगाच्या कुळात हे रंग बीटच्या लालीच्या जातीचे असतात. जपानी लोक अशा झाडांच्या नावापुढे निशिकी लावतात, म्हणजे किनखाब.

ते मी विकत घेतलेलं नाही. चार वर्षांपूर्वी बी पेरलं होतं. तिसऱ्या आठवड्यात ट्रेवर भिंग फिरवताना एका मण्यावर सुईच्या टोकाएवढा पिवळा ठिपका दिसला. तसाच आणखी एक मणी होता, तो अखंड पिवळा. तो सहा दिवसांत गेला. बियातली शिदोरी संपली आणि स्वतःचं अन्न करायला त्याच्याकडे काही नव्हतं. त्याला कलम करून वाचवता आलं असतं. पेरेस्किऑप्सिस नावाच्या पानं असलेल्या निवडुंगाच्या काडीवर एवढा मणीसुद्धा बसवता येतो. तेव्हा माझ्याकडे ती काडी नव्हती. आता दोन कुंड्या भरून ठेवल्या आहेत.

खरी रंगछटा ओळखायला मला त्या ट्रेनेच शिकवलं. खरा पट्टा शेंड्यातून सुरू होतो आणि कडेकडेने खाली उतरतो. त्याची हद्द स्पष्ट असते, आणि नवी वाढ येते तीही तो रंग घेऊनच. उन्हाने भाजलेला डाग उन्हाच्याच बाजूला असतो, कागदासारखा कोरडा लागतो आणि नव्या वाढीत उतरत नाही. लाल कोळी पडला तर शेंड्याजवळ गंजासारखी बारीक पूड पसरल्यागत दिसते. अंगभर सारखा पिवळेपणा असेल तर मुळं बघावीत, ती बहुधा कुजत असतात. फिकट-गडद ढगाळ चट्टे असतील तर विषाणूचा संशय धरावा आणि ते झाड बाकीच्यांपासून दूर ठेवावं.

रंग मारून विकणारेही आहेत. तू येण्याआधी एका प्रदर्शनात मी असं एक निळं झाड घेतलं होतं. तेव्हा मला खरंच वाटलं की निळी जात असेल. दोन महिन्यांनी शेंड्यातून हिरवा गोळा वर आला, निळ्या टोपीतून डोकं काढावं तसा. मग बघितलं तर काटेसुद्धा निळे होते. त्या रंगाखाली त्याला उजेड नीट मिळत नव्हता, श्वासाची रंध्रं बुजली होती. पावसाळा काढला नाही त्याने. ओला कापूस अंगावर फिरवला असता तर तेव्हाच कळलं असतं. त्या झाडाचा राग मला अजून येतो, कारण जिवंत जिनसेचा तो खेळ होता. वर सुकलेलं फूल गरम डिंकाने चिकटवून विकतात, तोही तसाच.

आता त्या लाल गोळ्याबद्दल, जो प्रत्येक रोपवाटिकेत काउंटरवर असतो. हिरव्या तिधारी दांड्यावर बसवलेला लालभडक चेंडू. लोक त्याला फूल समजतात. तो जिम्नोकॅलिशियम मिहानोविची, मूळचा पॅराग्वेकडचा मातकट-हिरवा निवडुंग. 1941 साली जपानमध्ये वातानाबे या रोपवाटिकावाल्याला आपल्या रोपांच्या गर्दीत मोजकी लालसर रोपं दिसली. माझ्या पिवळ्या मण्यासारखीच तीही मरणार होती. त्याने ती दुसऱ्या निवडुंगावर कलम केली आणि त्यातून हिबोतान आला, शेंदरी पिओनी अशा अर्थाचं नाव. आज जगातल्या बाजारात ही कलमं सगळ्यात जास्त दक्षिण कोरियातून येतात. कुठल्यातरी झाडावर भिंग रोखून बसलेल्या एका माणसाची नजर त्या प्रत्येक काउंटरवर आहे. आणखी एक गोष्ट म्हणजे, निवडुंगांच्या व्यापारावर 1975 पासून साइट्स या आंतरराष्ट्रीय कराराचं बंधन आहे, पण हिबोतानसारखी हरितद्रव्य नसलेली कलमं, ठरावीक खुंटांवर असतील तर, त्यातून वगळली आहेत. रानात त्यांचं घरच नाही, मग तिथून चोरणार काय?

तो तिधारी दांडा कोण आहे हे आमच्या भागात वेगळं सांगावं लागत नाही. ड्रॅगन फ्रूट. सांगली-सोलापूरच्या कोरडवाहू पट्ट्यात त्याच्या बागा झाल्यापासून छाटणीच्या दिवसांत मला जतकडून पोतंभर दांडे फुकट मिळतात. खुंट म्हणून त्यासारखा उदार दुसरा नाही. दांडा आडवा कापायचा, तिन्ही धारा थोड्या तासायच्या, म्हणजे सुकताना मधला भाग खाली दबत नाही. मधोमध एक फिकट कडं दिसतं, पाणी-अन्न वाहून नेणाऱ्या नळ्यांचं. वर बसवायच्या तुकड्यातही तसं कडं असतं. ती दोन कडी कुठेतरी एकमेकांना छेदली पाहिजेत. मग रबरबँड, आठदहा दिवस सावली, वरून पाणी नाही. तुझ्या एका तुकड्याचं मी असंच कलम केलं आहे. कापल्यावर बघितलं तर तुझं कडं गोल नव्हतं, ओढून लांब केलेल्या बांगडीसारखं होतं. आतूनही तू रेघच आहेस.

तुझ्या वंशाचं घर लांब आहे. मध्य मेक्सिकोत इदाल्गो, केरेतारो, ग्वानाहुआतो या राज्यांत, खडकाळ दऱ्यांच्या उतारांवर तुझी जात उभी असते. मी तिथे गेलेले नाही. पण भाचा ॲरिझोनात टूसॉनला असतो. त्याने मला व्हिडिओ कॉलवर एक क्रेस्टेड सग्वारो दाखवला आणि मी बराच वेळ बोललेच नाही. दोन माणसांच्या उंचीचं सरळ खोड, आणि वर उघडलेल्या पंख्यासारखा तुरा. सग्वारो पहिल्या आठ वर्षांत जेमतेम इंच-दीड इंच वाढतो. पहिली फांदी फुटायला पन्नासच्या वर वर्षं जातात. दीडशे वर्षं जगतो. म्हणजे त्या पंख्याची सुरुवात कदाचित भाच्याच्या आजोबांच्या जन्माआधीची. ॲरिझोनाच्या कायद्यात साध्या सग्वारोला संरक्षण आहेच, पण क्रेस्टेड सग्वारोला त्याहून वरच्या, सगळ्यात कडक वर्गात ठेवलंय. तरीही सग्वारो चोरीला जातात. म्हणून तिथल्या राष्ट्रीय उद्यानाने सग्वारोंच्या खोडात चिमटीत मावणाऱ्या चिप बसवायला सुरुवात केली. भाच्याने जागा सांगितली नाही आणि मीही विचारली नाही. तिथे अशी रीतच आहे म्हणे, सापडलं तर पाहायचं, फोटो काढायचा आणि पत्ता आपल्यापाशी ठेवायचा.

ही रीत मला इकडेही हवी आहे. कारण क्रेस्ट शोधणं म्हणजे पैसे घेऊन बाजारात जाणं, असं आता झालंय. तुझ्यासारखं झाड सापडतं ते हजार साधी झाडं रोज बघणाऱ्याला. शेतात भोपळ्याचा वेल पट्टीसारखा चपटा झालेला शेतकऱ्याला दिसतो, ते त्याला कुणी शिकवावं लागत नाही. त्याला सरळ वेल कसा असतो हे हातानेच ठाऊक असतं. साधं मॅमिलारिया ओळखता न येणारा माणूस तुझ्यासाठी दोन हजार रुपये मोजतो तेव्हा मला तुझी काळजी वाटते. तो तुला रोज पाणी घालील. आषाढात तुझ्या घडीत पाणी साचून बुडापासून कूज चढेल, आणि वरून तू आठवडाभर हिरवंगार दिसत राहशील. घडीच्या आत पिठ्या ढेकूण बसतो, तो वरून दिसत नाही. काडीला कापूस गुंडाळून, स्पिरिटमध्ये बुडवून, एकेक घडी उघडून बघावी लागते. सात वर्षांत तीनदा मी तुला त्यातून काढलं आहे. पहिल्या वेळी अर्धं गमावलं.

आणि आता हे तीन कोंब. असे कोंब येतात याचा अर्थ रेघेच्या एखाद्या तुकड्यात पुन्हा टिंब जमलं. साध्या बोटाची वाढ तुझ्यापेक्षा जोरात असते. ठेवली तर ती अन्न ओढतात, आणि काही वर्षांत कुंडीत फक्त बोटंच उरतात, झालर खाली सुकून जाते. हे मी ओळखीच्या एकांकडे बघितलंय. म्हणून कापा, असं सगळे सांगतात. सांगण्यात चूक काही नाही. पण त्या सांगण्यात एक शब्द असतो, "बिघडतंय". तुला त्या काकांनी बिघडलेलं म्हटलं होतं, तेव्हा तू रेघ होत होतंस. आज तू टिंब होतंयस तरी शब्द तोच.

सात वर्षांत तुला माझ्याकडे एकदाही फूल आलेलं नाही. क्रेस्टला येतं कधी कधी, कडेने ओळीत. तुला आलं नाही. इलाँगाटाची फुलं थंडी ओसरताना येतात, शेंड्याच्या थोडं खाली, गोल कडं धरून, फिकट पिवळी, शर्टाच्या बटणाएवढी. शेजारच्या साध्या बोटाची मी दरवर्षी बघते. आज तुझ्या तिसऱ्या कोंबावर भिंग धरलं तर दोन उंचवट्यांच्या मधल्या लोकरीत काहीतरी टोचून वर येतंय असं दिसलं. काटा नाही, काटा इतका जाड नसतो.

दोन कोंब मी कापले. पत्र इथवर आलं तेव्हा मधेच उठून कापले. वर्तमानपत्रावर सावलीत ठेवलेत, जखम सुकायला आठवडा जाईल, मग विटेच्या चुऱ्यात आणि भरड वाळूत लावीन. कुंडीवर तुझंच नाव लिहीन. तिसरा ठेवला आहे.

तुझी,
गच्चीवरची

ता. क. कुंडी मी पुन्हा फिरवलेली नाही. तो कोंब आता पूर्वेकडे आहे, तिथेच राहू दे, निदान कळी उमलेपर्यंत.